जिथे वाढणारेच मालक आहेत: तिरुवनंतपुरमच्या इंडियन कॉफी हाऊसचे परीक्षण

उपाहारगृहाबद्दल मत देताना आपण चव, स्वच्छता, तत्परता आणि दर एवढ्याच गोष्टी पाहतो. गल्ल्यावर जमणारा पैसा शेवटी कोणाचा होतो आणि ताट आणून ठेवणाऱ्या माणसाचा त्या जागेवर काही हक्क आहे का, याची चौकशी आपण सहसा करत नाही. तिरुवनंतपुरमच्या तंपानूर भागातील इंडियन कॉफी हाऊसबद्दल लिहिताना मात्र हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, कारण या उपाहारगृहाला कोणी एक मालक नाही. त्रिशूरला नोंदणी झालेली कॉफी कामगारांची सहकारी संस्था ते चालवते, आणि स्वयंपाकघरात, टेबलांपाशी व गल्ल्यावर काम करणारी माणसेच त्या संस्थेची सभासद आहेत. खासगी मालमत्ता आणि वर्गसत्ता यांविषयी मार्क्सने जे मांडले, त्याचा पडताळा घ्यायला वाचनालयाइतकीच ही जागाही उपयोगी आहे, असे माझे मत आहे. म्हणून हे परीक्षण पदार्थांबरोबर मालकीचेही आहे.

इमारतीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. रेल्वे स्थानक आणि राज्य परिवहनाचे बसस्थानक यांच्या लगत विटांचा हा गोल मनोरा उभा आहे. त्याचे वास्तुरचनाकार लॉरी बेकर हे बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले आणि पुढे केरळला आपले घर मानलेले, कमी खर्चात टिकाऊ बांधकाम करण्यासाठी प्रसिद्ध असलेले गृहस्थ होते. आत शिरल्यावर नेहमीसारखे दालन नाही आणि मजलेही नाहीत. मधल्या गोल गाभ्याभोवती एकच चढती वाट वळसे घेत वर चढत जाते आणि तिच्या बाहेरच्या कडेला भिंतीत बांधलेले बाक व टेबले ओळीने लागतात. वाट चढणीची असली तरी प्रत्येक टेबलाखालचा भाग सपाट करून घेतल्यामुळे कप कलत नाही. भिंतीत ठेवलेल्या विटांच्या जाळ्यांमधून वारा आणि उजेड आत येतो, त्यामुळे वातानुकूलनाचा खर्च उरत नाही. आणि जो खर्च मुळातच होत नाही तो गिऱ्हाइकाच्या बिलातही चढत नाही. या रचनेचा एक दोष मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्यांना चालण्यास अडचण आहे किंवा जे चाकांच्या खुर्चीवर असतात त्यांच्यासाठी ही सततची चढण सोयीची नाही, त्यांनी शहरातील दुसरी शाखा निवडावी.

आता पदार्थांविषयी. येथला मसाला डोसा महाराष्ट्रातल्या उडपी हॉटेलांतल्या डोशाहून वेगळा असतो, कारण भाजीत बटाट्याबरोबर बीट असते आणि त्यामुळे डोसा मोडताच आतून गर्द लालसर सारण दिसते. बिटाचा किंचित गोडवा आणि मिरचीचा तिखटपणा यांचा मेळ पहिल्या घासाला अनोळखी वाटतो. दुसऱ्या घासापासून तो आवडू लागतो. व्हेज कटलेटमध्येही बीटच असते. बाहेरचे आवरण कुरकुरीत, आत मऊ, सोबत कांद्याच्या चकत्या आणि टोमॅटो सॉस, एवढाच त्याचा थाट असतो. मांसाहारी मंडळींसाठी मटण कटलेट आणि ऑम्लेट आहे. येथे बॉम्बे टोस्ट या नावाने मिळणारा पदार्थ म्हणजे अंड्यात बुडवून भाजलेला गोडसर पाव. मुंबईकराने तो कुतूहलापोटी एकदा तरी मागवावा. कॉफी जाड पांढऱ्या कपात येते आणि ती सौम्य असते. कुंभकोणम पद्धतीच्या दाट फिल्टर कॉफीची जिभेला सवय असेल तर ही कॉफी तिच्याशी स्पर्धा करायला आलेली नाही हे ध्यानात घ्यावे. बसस्थानकावर उतरलेल्या माणसाने दोन घटका बसावे आणि खिशाला न जाचता दुसरा कप मागवावा, यासाठी ती केलेली आहे, आणि ते काम ती चोख करते.

दर कमी आहेत आणि वर्षानुवर्षे ते कमी राखण्याचा संस्थेचा कटाक्ष सर्वश्रुत आहे. सेवेविषयी थोडे अधिक लिहायला हवे. वाढणाऱ्यांचा गणवेश पांढरा, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा उभा तुरा असलेला फेटा, असा असतो. हा वेष इंग्रजी अमदानीतून आलेला आहे. साहेबाच्या टेबलापाशी अदबीने उभे राहणाऱ्या नोकराला तो दिला गेला होता. आज तोच वेष घालून जो माणूस आपल्यासमोर कटलेटची बशी ठेवतो, तो संस्थेच्या वार्षिक सभेत एका मताचा धनी असतो आणि संचालक मंडळ निवडतो. त्याच्या वागण्यात सौजन्य आहे, लाचारी नाही. तो मागणी ऐकतो, एकदा मान हलवतो, पदार्थ आणतो आणि बिल ठेवून पुढच्या टेबलाकडे वळतो. आणखी काही मागवा म्हणून आर्जव करत नाही, आणि उठा म्हणून नजरेने सुचवतही नाही. गिऱ्हाईक आणि वाढणारा यांच्यातली ही बरोबरी मला या जागेची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि ती कुठून आली हे समजण्यासाठी थोड्या इतिहासात जावे लागते.

कॉफी हाऊसची कल्पना कामगारांची नव्हती, मळेवाल्यांच्या गरजेतून ती निघाली. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि परदेशी बाजारात माल खपेना, तेव्हा देशातच कॉफी पिणारा वर्ग तयार करावा म्हणून कॉफी उपकर समितीने उपाहारगृहे उघडण्यास सुरुवात केली. त्यांपैकी पहिले 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला सुरू झाले. पुढे ही साखळी सरकारच्या कॉफी बोर्डाकडे गेली आणि देशभर पसरली. 1950 च्या दशकाच्या मध्यावर बोर्डाने ही उपाहारगृहे बंद करण्याचे धोरण स्वीकारले आणि शेकडो कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. लोकसभेतील कम्युनिस्ट गटाचे नेते ए. के. गोपालन यांनी त्या वेळी कामगारांना सुचवले की नोकरी टिकवण्यासाठी नुसत्या विनवण्या न करता उपाहारगृहेच आपल्या ताब्यात घ्यावीत. ऑगस्ट 1957 मध्ये बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत कामगारांचे कॉफी हाऊस उघडले, आणि 1958 मध्ये त्रिशूर व तलश्शेरी येथे केरळातली उपाहारगृहे सुरू झाली. केरळात ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचे कम्युनिस्ट मंत्रिमंडळ एप्रिल 1957 मध्ये सत्तेवर आले होते, हा संदर्भही विसरता येत नाही. आज केरळातील कितीतरी शाखांच्या भिंतींवर गोपालन यांची तसबीर दिसते ती या उपकाराच्या जाणिवेतून.

मार्क्सवादाविषयी आपल्याकडे सर्वांत जुना गैरसमज असा की त्याला माणसाचे घर, अंगावरचे कपडे आणि हातातले घड्याळही काढून घ्यायचे आहे. मार्क्स आणि एंगल्स यांच्या 1848 च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातच याचे उत्तर दिलेले आहे. कम्युनिस्टांना सरसकट सर्व मालमत्ता नष्ट करायची नाही, भांडवली मालमत्ता नष्ट करायची आहे, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. भेद असा की माझी छत्री मला पावसापासून वाचवते, पण तिच्या जोरावर मी दुसऱ्याच्या श्रमावर हुकूम चालवू शकत नाही. स्वयंपाकघर, भट्टी, फर्निचर, जागेचा ताबा आणि उपाहारगृहाचे नाव यांची मालकी ज्याच्याकडे असते तो मात्र दहा-वीस माणसांच्या उठण्याबसण्याच्या वेळा ठरवतो, पगार ठरवतो, आणि उद्यापासून येऊ नकोस असेही सांगू शकतो. उत्पादनाच्या साधनांवरची खासगी मालकी हे मूलतः माणसामाणसांतले सत्तेचे नाते आहे, हे मार्क्सच्या मांडणीचे सार आहे. पोलीस, न्यायालय आणि कायदा हे त्या नात्याचे राखणदार असतात, पण नाते रोज घडते ते कामाच्या जागी.

उपाहारगृहाच्या धंद्यात हे नाते अगदी उघडे दिसते. मुंबई-पुण्यातल्या असंख्य हॉटेलांत गावाकडून आलेली मुले दिवसभर राबून रात्री त्याच टेबलांवर किंवा पोटमाळ्यावर झोपत आली. निवारा आणि जेवण दोन्ही मालकाकडे असल्यामुळे नोकरी गेली की त्याच दिवशी डोक्यावरचे छप्परही जाते, आणि म्हणून तक्रार करायला तोंड उघडत नाही. मालक स्वभावाने चांगला असेल तर हे जाच कमी होतात, पण ते त्याच्या मर्जीवर राहते. कॉफी हाऊसमध्ये बदलली ती नेमकी ही मर्जी. सहकारी कायद्याप्रमाणे एका सभासदाला एकच मत असते, भाग कितीही असोत. वरकड उरेल त्याचे काय करायचे, म्हणजे बोनस किती, राखीव निधी किती, नवी शाखा काढायची की नाही, हे निवडून आलेल्या मंडळाला सभेपुढे ठेवावे लागते. केरळात या संस्थांमध्ये माणूस खालच्या पायरीवर रुजू होतो आणि बढतीने वर चढतो, त्यामुळे शाखेचा व्यवस्थापक बहुधा कधी काळी भांडी घासून किंवा टेबले पुसून आलेला असतो. एखाद्या गोष्टीला किती वेळ आणि किती कष्ट लागतात हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मात्र येथवर येऊन समाधान मानणे मार्क्सलाच मान्य झाले नसते. 1864 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे ‘पहिल्या इंटरनॅशनल’च्या, उद्घाटनपर निवेदनात त्याने सहकारी कारखान्यांचे मनापासून स्वागत केले, कारण मालकवर्गाच्या अस्तित्वाशिवाय मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन चालू शकते हे त्यांनी वादाने न सांगता कृतीने दाखवले होते. त्याच निवेदनात त्याने बजावले की जमिनीचे आणि भांडवलाचे धनी आपली राजकीय सत्ता अशा प्रयत्नांना अडवण्यासाठी वापरतील, म्हणून राजसत्ता जिंकणे हे कामगारवर्गाचे कर्तव्य ठरते. ‘भांडवल’ या ग्रंथाच्या, त्याचा सहकारी एंगल्सने 1894 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तिसऱ्या खंडात मार्क्स म्हणतो की कामगारांचे स्वतःचे सहकारी कारखाने ही जुन्या व्यवस्थेतच उगवलेली नव्याची पहिली रूपे आहेत, आणि जुन्या व्यवस्थेचे दोष त्यांत उतरणे अपरिहार्य आहे, भांडवल आणि श्रम यांतला विरोध तेथे मिटतो, पण कामगारांचा समूहच स्वतःचा भांडवलदार बनून. समाजवादी विचारवंत रोझा लक्झेंबर्गने 1899 मध्ये याहून कठोर भाषा वापरली: स्पर्धेच्या बाजारात तगायचे तर सहकारी संस्थेतील कामगारांना स्वतःवरच मालकाची कडक हुकमत चालवावी लागते, नाहीतर संस्था बुडते.

कॉफी हाऊसला हे किती लागू पडते? माझ्या मते बरेचसे. मालक गेला तरी वरकडातले सगळे वाटेकरी जात नाहीत. मार्क्सने दाखवले आहे की वरकड मूल्य, म्हणजे कामगाराच्या श्रमातून त्याच्या मजुरीपलीकडे निर्माण होणारे मूल्य, नफा, व्याज आणि जमीन-जागेचे भाडे अशा वाटांनी फुटते. शाखेची जागा भाड्याची असेल तर जागामालकाचा वाटा पहिल्या तारखेला जातो, कर्ज असेल तर बँकेचा जातो, आणि शहरातल्या मोक्याच्या जागांची भाडी कॉफी हाऊसच्या दराकडे पाहून वाढत नाहीत. कच्च्या मालाचे तर त्याहून अवघड आहे. 1990 च्या दशकात मळ्यांची कॉफी बोर्डामार्फतच विकण्याची एकत्रित खरेदीची पद्धत मोडीत निघाल्यापासून दाण्याचा भाव लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारांशी बांधला गेला आहे. 2024 मध्ये रोबस्टा जातीच्या कॉफीने भावाचा उच्चांक गाठला, तेव्हा कॉफीवर जगणाऱ्या प्रत्येक उपाहारगृहापुढे कप महाग करायचा की तोटा सोसायचा असा पेच उभा राहिला, आणि संस्थेच्या वार्षिक सभेतले मत लंडनच्या सौद्यांना रोखू शकत नाही. शिवाय केरळच्या जमीन सुधारणा कायद्याने कुळांना जमिनीचे धनी केले, 1 जानेवारी 1970 पासून कूळवहिवाट संपवली, हे त्या राज्याचे फार मोठे काम आहे. पण त्याच कायद्याने मळ्यांना कमाल धारणेच्या मर्यादेतून वगळले. मोठ्या मळ्यांवर राबणारा मजूर त्यामुळे मजूरच राहिला. कप भरणारा मालक झाला, दाणा वेचणारा मात्र अजून झालेला नाही. या जागेबद्दल अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मान्य करायला हवी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला येथे आपले साखर कारखाने आठवतील, आणि ही आठवण योग्यच आहे, कारण सहकार या एकाच छत्राखाली दोन अगदी वेगळी मालकी नांदते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभारलेल्या कारखान्याने खासगी साखर कारखानदाराची सद्दी मोडली, ऊस उत्पादकाला त्याच्या मालाचा भाव मिळवून दिला, यात शंका नाही. परंतु तेथे सभासद होण्याची पात्रता म्हणजे ऊस पिकवणारी जमीन. गव्हाणीपाशी, बॉयलरपाशी काम करणारा कामगार मजुरीवर असतो, आणि बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून कोयता घेऊन येणारी ऊसतोडणी करणारी जोडपी तर मुकादमाच्या उचलीत अडकलेली, कारखान्याच्या हजेरीपटावरही नसलेली. मार्क्सने 1866 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रतिनिधींना दिलेल्या सूचनांत असे म्हटले होते की सहकारी संस्था मध्यमवर्गीय भागधारकांच्या साध्या कंपन्या बनून घसरू नयेत यासाठी तेथे काम करणाऱ्या सर्वांना, ते भागधारक असोत वा नसोत, सारखाच वाटा मिळाला पाहिजे. ही कसोटी लावली तर आपले कारखाने जमीनधारकांचे सहकार ठरतात. ग्रामीण महाराष्ट्राची सत्ता अनेक दशके कोणत्या वर्गाच्या हाती राहिली याचे उत्तर सभासदत्वाच्या या एका अटीत बरेचसे सापडते. कॉफी हाऊस त्या कसोटीवर पुष्कळ वरचढ ठरते, कारण तेथे सभासदत्वाला जमीन लागत नाही, काम लागते. अर्थात कामगारांच्या कोणत्याही सहकारी संस्थेत हंगामी आणि कायम यांच्यात भिंत उभी राहू लागली की ती कसोटी पुन्हा लावावी लागते, आणि हे संस्थेने सभासद नसलेल्या आपल्या माणसांबाबत सतत तपासत राहिले पाहिजे.

एक उणीव मात्र मला सोडून देता येत नाही. केरळातील या उपाहारगृहांत अनेक दशके वाढणाऱ्यांमध्ये स्त्रिया नव्हत्या. अलीकडच्या वर्षांत त्या दिसू लागल्या आहेत. मालमत्ता सामूहिक झाल्याने पुरुषाची सत्ता आपोआप सैल होत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे. ज्या सुमारास कॉफी हाऊसचे कामगार मालक झाले, त्याच सुमारास, 1959 मध्ये, गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले आणि लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार असेल असा नियम घातला. मुंबईच्या एका गच्चीवर जे सुचले ते कम्युनिस्ट नेत्याच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या संस्थेला इतक्या उशिरा सुचावे, याचा विचार डाव्या चळवळीतल्या माणसांनी गंभीरपणे करायला हवा.

या सर्व मर्यादा मोजूनही तंपानूरचे कॉफी हाऊस मी आग्रहाने सुचवेन. जर्मन समाजवादी पक्षाच्या गोथा कार्यक्रमावरच्या 1875 च्या टीकेत मार्क्सने लिहिले की सहकारी संस्थांचे मोल त्या कामगारांनी स्वतंत्रपणे उभ्या केल्या असतील तरच असते, सरकारच्या किंवा धनिकांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्यांचे नसते. सरकारी बोर्डाने टाकून दिलेला धंदा नोकरी जाऊ घातलेल्या कामगारांनी हाती घेतला आणि साठ वर्षांहून अधिक काळ चालवला, ही गोष्ट त्या कसोटीला उतरते. मालकाशिवाय शिस्त राहत नाही आणि स्वार्थाशिवाय कोणी कामाला हात लावत नाही, असे छातीठोकपणे सांगणारा एखादा स्नेही असेल तर त्याच्याशी वाद घालण्याऐवजी त्याला सकाळच्या गर्दीच्या वेळी येथे आणावे आणि गाभ्यापासून सर्वांत वरच्या वळशापर्यंत थाळ्या कशा न थांबता चढत-उतरत असतात ते त्याला पाहू द्यावे.

मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेसने कोकण रेल्वेमार्गे तिरुवनंतपुरमला उतरणाऱ्यांना ही जागा स्थानकाच्या अगदी जवळ आहे. सकाळी डोसा आणि कॉफी, दुपारनंतर कटलेट आणि कॉफी, असा क्रम ठेवावा. सामान जास्त असेल तर खालच्या वळशातले टेबल धरावे, आणि इमारत नीट पाहायची असेल तर हात मोकळे ठेवून शेवटपर्यंत चढून जावे. गर्दीच्या वेळी एका टेबलावर अनोळखी माणसांसोबत बसण्याची तयारी असावी. तेथे तोच रिवाज आहे.